मोर्चात जप्त झालेला कॅमेरा परत मिळवण्याचा अर्ज: कोण करू शकतं, कागद कोणते आणि गाडी अडते कुठे

मोर्चा, धरणं, उपोषण यांचे फोटो काढताना पोलिसांनी कॅमेरा घेतला की पहिला महिना बहुतेकांचा पोलीस ठाण्याच्या खेपा घालण्यात जातो. "साहेब बंदोबस्तात आहेत", "सोमवारी या", "वरून सांगितलं की देतो". गुन्हा दाखल होऊन कॅमेरा जप्त झाला असेल तर या खेपांचा काही उपयोग नाही. तो मुद्देमाल (गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेली वस्तू) झाला आणि मुद्देमाल सुटतो न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने. अर्ज दोन पानांचा असतो, कोर्ट फीही किरकोळच. तरीही तो फेटाळला जातो, आणि तेही जवळजवळ नेहमी दोनच कारणांनी: पंचनाम्यातली वस्तू आणि अर्जातली वस्तू जुळत नाही, किंवा मालकी दाखवणारा कागद नसतो.

कॅमेरा नेमका कसा घेतला, हे आधी शोधा

अटक करताना अंगझडतीत खिशातल्या वस्तूंबरोबर कॅमेराही काढून घेतला असेल तर ती जप्ती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 49 प्रमाणे अशा वस्तूंची पावती अटक झालेल्या माणसाला द्यावीच लागते. गुन्ह्याच्या पुराव्यासाठी त्या स्वतंत्रपणे जप्त केल्या नसतील तर सुटकेनंतर तीच पावती दाखवून मागा.

कलम 106 खाली घेतला असेल तर ती खरी जप्ती. तिचा पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात आणि पोलिसांनी ती मॅजिस्ट्रेटना विनाविलंब कळवायची असते. पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे.

तिसरा प्रकार सर्वात त्रासाचा. ना पावती, ना पंचनामा, ना गुन्हा; "नंतर घेऊन जा" म्हणून कॅमेरा कपाटात. अशा वेळी तोंडी विनवण्या करत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी पत्र द्या: तारीख, वेळ, जागा, कुठल्या वस्तू, त्यांचे क्रमांक. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, प्रत पोलीस उपायुक्त किंवा जिल्हा अधीक्षकांना. पुढे कोर्टात "आमच्याकडे असा कॅमेराच नाही" असं म्हणणं आलं तर हातात एवढाच कागद असतो.

फोटो डिलीट करायला लावणं यातल्या कुठल्याच कलमात बसत नाही. जप्तीच करायची असेल तर पुरावा जपण्यासाठी करायची. फोटो डिलीट करायला लावले असतील तर तेही याच पत्रात लिहा. त्या कार्डावर नवीन फोटो मात्र काढू नका. वर काही लिहिलं गेलं नसेल तर डिलीट केलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात.

कलम कुठलं लिहायचं

मुद्देमाल अजून कोर्टात हजर केला नसेल तर बीएनएसएस कलम 503. कोर्टात हजर झाला असेल आणि चौकशी किंवा खटला चालू असेल तर 497. हजर झाला की नाही हे कोर्टातल्या मुद्देमाल कारकुनाकडे कळतं. ठाण्यातल्या उत्तरावर विसंबू नका. 1 जुलै 2024 च्या आधी सुरू झालेल्या तपासाला जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू राहते, म्हणजे अनुक्रमे 457 आणि 451. जुन्या गुन्ह्यात नवं कलम लिहिल्याने अर्ज फेटाळू नये हे खरं, पण दुरुस्तीसाठी पुढची तारीख पडते, आणि ती तारीख तीन आठवड्यांनीही असू शकते.

कोर्ट ठरतं ते ज्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे त्यावरून, मोर्चा कुठून निघाला यावरून नाही. 2018 च्या मार्चमधला नाशिक ते मुंबई शेतकरी लाँग मार्च आठवा. अशी पायी चाल एकामागून एक ठाण्यांच्या हद्दी ओलांडत जाते. त्यामुळे एफआयआरची प्रत आधी मिळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बहुतेक एफआयआर दिसतात. संवेदनशील म्हणून वगळलेल्या मात्र वकिलामार्फत कोर्टातून घेता येतात. आंदोलनाच्या गुन्ह्यात साधारणपणे भारतीय न्याय संहितेची 189 (बेकायदेशीर जमाव) आणि 223 (आदेशाचा भंग) ही कलमं आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची 37(1)(3) सह 135 (जमावबंदीचा आदेश आणि तो मोडल्याची शिक्षा) दिसतील. जमावबंदी मोडल्याच्या गुन्ह्यात कॅमेरा हे गुन्ह्याचं साधन नसतं. हा मुद्दा अर्जाच्या पहिल्या पानावर यायला हवा.

अर्ज कोण करू शकतं

ज्याला वस्तूचा ताबा मिळण्याचा हक्क आहे तो. आरोपीच असायला हवं असं नाही, आणि आरोपी असल्यामुळे हक्क जातही नाही. कॅमेरा भाड्याचा असेल तर भाड्याने देणाऱ्याने अर्ज करावा किंवा तुम्हाला अधिकारपत्र द्यावं. संस्थेचा असेल तर संस्थेचं पत्र आणि तिच्या जडवस्तू नोंदवहीचा उतारा लावा. अधिस्वीकृती पत्रिका किंवा प्रेस कार्ड नाही म्हणून कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. कलमात पत्रकार हा शब्दच नाही. प्रश्न एवढाच असतो की वस्तू कुणाची.

जो कागद कुणाकडेच नसतो

बिल. सेकंडहँड घेतलेला, मित्राकडून हप्त्याने घेतलेला किंवा परदेशातून कुणी आणलेला कॅमेरा असेल तर बिल नसतंच. तरी वाट बंद होत नाही.

सर्वात मजबूत आधार तुमच्याच जुन्या फोटोंमध्ये दडलेला असतो. बरेचसे डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा आपोआप लिहितो ती नोंद) बॉडीचा सिरियल नंबर लिहितात, काही लेन्सचाही. मूळ रॉ किंवा जेपीजी फाइल घ्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फाइलमधून ही माहिती निघून गेलेली असते. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम वापरून ती छापून घ्या. वेगवेगळ्या वर्षांचे चार-पाच फोटो निवडा. घरचं लग्न, गावची जत्रा, एखादा छापून आलेला फोटो असं काहीही चालेल. त्या सगळ्यांत पंचनाम्यातलाच क्रमांक दिसला की तो कॅमेरा इतकी वर्षं तुमच्या हातात होता हे दिसतं. या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं, प्रमाणपत्र जोडा. ताब्याच्या अर्जाच्या टप्प्यावर ते प्रत्येक ठिकाणी मागत नाहीत, पण नसल्याचा आक्षेप येऊ शकतो.

दुसरे आधार: खोक्यावरचं बारकोडचं स्टिकर, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड (त्यावर सिरियल नंबर असतोच), विम्याची पॉलिसी, कंपनीच्या संकेतस्थळावरची नोंदणी. सेकंडहँडसाठी विकणाऱ्याचं शपथपत्र आणि बँकेची किंवा यूपीआयची नोंद. न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात सूट आहे; स्टँप पेपरसाठी कुणी पैसे मागितले तर आधी हे विचारा.

मागच्या तारखेचं बिल बनवून घेऊ नका. असं बिल करून देणारे दुकानदार भेटतात, आणि महिनाभर हात रिकामे असलेल्या माणसाला मोह होतो. पण तपास अधिकारी दुकानात जाऊन बिल क्रमांक पडताळतात. तेव्हा कॅमेरा तर राहतोच, वर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा मागे लागतो.

याखेरीज एफआयआर, पंचनाम्याची प्रत, ओळखपत्र, वकीलपत्र. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले अर्जदार आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही.

पंचनाम्यातली एक ओळ

"एक काळ्या रंगाचा जुना वापरता कॅमेरा, किं. अं. 10,000/-." पंचनाम्यात अनेकदा इतकंच असतं. मॉडेल नाही, क्रमांक नाही. लेन्स, बॅटरी, मेमरी कार्ड यांचा उल्लेखही नाही. पंचनाम्यात नसलेली लेन्स कोर्ट परत द्यायला सांगणार कशी? आणि दीड लाखाची लेन्स हरवली तर जबाबदार कोण?

म्हणून जप्तीच्या वेळी शांतपणे, आवाज न चढवता तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगा: बॉडीचा क्रमांक (बहुतेकदा कॅमेऱ्याच्या तळाला असतो), लेन्सचा क्रमांक, आणि कार्डाची कंपनी व क्षमता. क्रमांक मोठ्याने वाचून दाखवा. शून्याचा ओ आणि आठाचा बी होतो, आणि मग "वस्तू जुळत नाही" असा शेरा येतो. कार्डाची हॅश व्हॅल्यू (कार्डातल्या मजकुरावरून काढलेला, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा क्रमांक) काढली का, हेही विचारा. ती नसेल तर नंतर त्या कार्डात काय घातलं किंवा काढलं गेलं हे ठामपणे सांगता येत नाही.

तेव्हा जमलं नाही, लाठीमारात कुणाला सुचणार, तर एक उपाय उरतो. बीएनएसएस कलम 105 प्रमाणे जप्तीच्या कारवाईचं आणि यादीवरच्या सह्यांचं दृकश्राव्य चित्रीकरण करून ते मॅजिस्ट्रेटना पाठवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते चित्रीकरण मागवण्याची विनंती अर्जातच करा.

मुदत: सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा भाग

"चौदा दिवसांत कॅमेरा मिळतो" हे व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य चुकीचं आहे. कलम 497 मधले 14 दिवस जप्तीपासून नव्हे, तर मुद्देमाल कोर्टात हजर केल्यापासून मोजतात. आणि तेही परत देण्यासाठी नसून वस्तूचं वर्णन तयार करण्यासाठी आहेत. तिचे फोटो घ्यायचे असतात, ते पुढे पुरावा म्हणून चालतात. त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा किंवा ताबा देण्याचा आदेश व्हायला हवा. पोलिसांनी मुद्देमाल हजरच केला नाही तर हे घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून वाट न पाहता 503 खाली अर्ज टाका आणि सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (2002) या निकालाचा आधार घ्या. जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडून राहू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं आहे.

अर्ज दाखल झाला की कोर्ट पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. कोर्टाच्या बोलीत "से". दोन-दोन तारखा याच्यातच जातात. से मागवल्याचं पत्र ठाण्यात पोचलं की नाही, हे स्वतः जाऊन बघा.

तपास बाकी आहे, कार्ड प्रयोगशाळेत आहे

हा ठरलेला आक्षेप. त्यावर मागणी तोडून करा. फोटो कार्डात असतात. लेन्समध्ये नसतात, आणि अंतर्गत मेमरी नसलेल्या बॉडीतही नसतात. कार्ड न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत राहू दे, बॉडी आणि लेन्स आत्ता द्या, आणि कार्डाची हुबेहूब प्रत मला मिळावी, अशी मागणी करा. सगळं एकत्र मागितलं की कार्डापायी सगळंच अडकतं. लेन्स बंद, दमट खोलीत पडून राहिली की काचेवर आतून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि कोटिंग खाल्लं गेलं की ती साफ होऊनही पूर्वीसारखी होत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे महिन्याभरात होऊ शकतं. नुकसानीचं हे कारण अर्जात सविस्तर लिहा, नुसतं "अर्जदाराचे नुकसान होत आहे" असं नको.

आदेश झाल्यावर

बंधपत्र द्यावं लागतं, कधी जामीनदारही. रक्कम बहुधा पंचनाम्यातल्या अंदाजे किमतीवरून ठरते. विकणार नाही, रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन, या अटी नीट वाचा. "रूप बदलणार नाही" यात कार्डही येतं. कार्ड परत मिळालं तर ते कॅमेऱ्यात घालू नका. एसडी कार्डाच्या डाव्या कडेची बारीक पट्टी खाली सरकवून कुलूप लावा, प्रत काढा आणि मूळ कार्ड पाकिटात बंद ठेवा. सीएफ-एक्सप्रेस कार्डाला अशी पट्टी नसते, तिथे जास्त जपावं लागेल.

ताबा घेताना सील तुमच्यासमोर उघडायला सांगा. क्रमांक ताडून घ्या, लेन्स उजेडासमोर धरून बघा, दोन फोटो दुसऱ्या कार्डावर काढून बघा, आणि जे बिघडलेलं दिसेल ते ताबा पावतीवर सही करण्याआधी लिहा. "सुस्थितीत मिळाला" हा मजकूर आधीच छापलेला असतो. तो खोटा असेल तर त्यावर रेघ मारून स्वतःचं लिहा.

अर्ज फेटाळला तर प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा. सत्र न्यायालयात पुनरीक्षणाची (आदेश तपासून बघा अशा अर्जाची) मुदत 90 दिवस आहे, आणि प्रत तयार होण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात.