गोठवलेला भ्रूण कमजोर नसतो

‘सरोगसीत ताजाच भ्रूण गर्भाशयात सोडा, फ्रोझन कमजोर असतो,’ हा मेसेज ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. एवढा खर्च आणि एवढी आशा पणाला लागल्यावर भीती वाटणारच. पण हे खरं नाही.

भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथे पेशींचं काम जवळजवळ थांबतं, म्हणून तो तिथे म्हातारा होत नाही. महत्त्वाचं असतं ते स्त्रीबीज काढतानाचं त्या स्त्रीचं वय. जुन्या संथ पद्धतीत पेशींत बर्फाचे स्फटिक व्हायचे. आता विट्रिफिकेशनने झटक्यात गोठवतात आणि बहुतेक भ्रूण तगतात.

सरोगसीत ताज्या भ्रूणासाठी जिचं बीज आहे ती आणि पोटात बाळ वाढवणारी सरोगेट, अशा दोघींच्या पाळ्या जुळवाव्या लागतात. बीज काढण्याचा दिवस पुढेमागे झाला, तर सरोगेटच्या गर्भाशयाचं अस्तर तयार नसू शकतं. गोठवलेला भ्रूण थांबू शकतो. अर्थात, मुळात कमकुवत भ्रूण गोठवून सुधारत नाही.

पडताळायचं असेल तर क्लिनिककडे तीन गोष्टी लेखी मागा: भ्रूणाची ग्रेड (दर्जा), गोठवलेला भ्रूण वितळवल्यावर मायक्रोस्कोपखाली किती पेशी शाबूत दिसल्या, आणि यशाचा आकडा जन्मलेल्या बाळांचा आहे की नुसत्या पॉझिटिव्ह गर्भचाचण्यांचा.