दहा फोन, एक गुन्हा : अलर्ट आणि इन्सिडंट

हायवेवर रात्री ट्रक उलटतो. मागून येणारे दहा जण ११२ ला फोन लावतात. कुणी सांगतं 'ट्रक पलटी झालाय', कुणी सांगतं 'ट्रॅफिक तुंबलंय', एखादा नुसताच 'काहीतरी झालंय, लवकर या' म्हणतो. फोन दहाही नोंदले जातात, पण ठाण्यात गुन्हा एकच दाखल होतो. त्याला नंबर पडतो, एक तपास अधिकारी मिळतो. दहा फोनचे दहा गुन्हे केले असते तर दहा हवालदार एकाच ट्रकभोवती उभे राहिले असते आणि शेजारच्या गावातल्या घरफोडीकडे जायला कुणी उरलं नसतं.

नेटवर्क सांभाळणाऱ्या टीममध्ये अलर्ट आणि इन्सिडंट हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'काल रात्री तीनशे इन्सिडंट आले' असं कुणी म्हणालं, तर त्यानं अलर्ट मोजलेत असं खुशाल समजावं. अलर्ट म्हणजे आलेला फोन, इन्सिडंट म्हणजे दाखल झालेला गुन्हा. नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस यांच्यासारखं मॉनिटरिंगचं, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारं, टूल पेजरड्यूटी किंवा सर्व्हिसनाऊसारख्या, इन्सिडंट नोंदवून माणसांना उठवणाऱ्या प्लॅटफॉर्मला जोडताना जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका गल्लतीतून येतं.

गंमत म्हणजे जोडणी स्वतः अवघड नसते. झॅबिक्समध्ये पेजरड्यूटीचा तयार वेबहुक, म्हणजे निरोप पोचवणारा दुवा, मिळतो. पेजरड्यूटीनं दिलेली ओळखीची की चिकटवायची, टेस्ट मेसेज पाठवायचा, फोन वाजतो, सगळे खूश. खरी परीक्षा पहिली फायबर तुटते त्या रात्री.

अलर्ट हे यंत्राचं विधान आहे. 'अमुक वेळी अमुक राउटरच्या अमुक इंटरफेसची स्थिती डाऊन आहे', एवढंच ते सांगतं. मॉनिटरिंग सर्व्हर ठरावीक वेळानं एसएनएमपी या प्रोटोकॉलनं पोर्ट १६१ वर डिव्हाइसला विचारतो, किंवा डिव्हाइस आपणहून पोर्ट १६२ वर ट्रॅप पाठवतं. हा ट्रॅप सहसा यूडीपीवरून जातो, म्हणजे पोचपावती नाही. लिंकच पडली असेल तर तो पोचेलच असंही नाही. म्हणून ट्रॅपवर पूर्ण विसंबून कुणी राहत नाही, पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळानं विचारणं, असतंच.

यंत्राचं विधान कधीकधी घाईचंही असतं. एक पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, चुकला म्हणून डिव्हाइस मेलं असं होत नाही. नागिओसनं यासाठी 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' अशा दोन अवस्था ठेवल्यात : पहिल्यांदा तपासणी फसली की सॉफ्ट, ठरवून दिलेल्या संख्येइतक्या तपासण्या सलग फसल्या की हार्ड, आणि निरोप हार्ड झाल्यावरच. लिंक सतत पडते-उठते, तिला आपण 'फ्लॅप होतेय' म्हणतो, तिच्यासाठी नागिओस शेवटच्या २१ तपासण्यांचे निकाल बघून ठरवतो की ही आता बेभरवशाची झाली, हिच्याबद्दल दर वेळी बोंब मारायची नाही. झॅबिक्समध्ये सुटकेची अट वेगळी लिहिता येते : वापर ९० टक्क्यांवर गेला की तक्रार, पण ती मिटायची ७० च्या खाली आल्यावरच. नाहीतर ८९ आणि ९१ च्या मध्ये झुलणारी लिंक रात्रभर झोपू देत नाही.

इन्सिडंट ही मात्र माणसांची गोष्ट. आयटीआयएल या आयटी सेवा सांभाळायच्या नियमावलीच्या व्याख्येत इन्सिडंट म्हणजे सेवेत आलेला अनियोजित खंड किंवा तिच्या दर्जात झालेली घट. यातला 'सेवा' हा शब्द पकडून ठेवावा. राउटर ही सेवा नाही. शाखेतल्या काउंटरवरून पैसे काढता येणं ही सेवा. जोडीतला एक राउटर बंद पडला आणि दुसऱ्यानं भार उचलला, तर अलर्ट खरा आहे, खंड मात्र कुणालाच जाणवला नाही. ते काम सकाळच्या तिकिटाचं. त्यासाठी रात्री दोनला फोन वाजवणं म्हणजे भांडी पडल्याच्या आवाजावरून एफआयआर.

शिवाय इन्सिडंटला मालक असतो आणि घड्याळ असतं. ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी पाळीवर असलेल्या, माणसानं ठरलेल्या मिनिटांत ॲक (ॲकनॉलेज, म्हणजे निरोप मिळाल्याची कबुली) केला नाही तर निरोप पुढच्याकडे, मग त्याच्या वरच्याकडे. अलर्टला या सगळ्याचं सोयरसुतक नसतं.

आता एक हिशोब करू. समजा, एका कंपनीची नाशिकला शाखा आहे. तिथे एक राउटर, त्यामागे २ स्विच, त्यांच्यामागे वायफायचे २४ ॲक्सेस पॉइंट आणि १६ कॅमेरे. रात्री २ वाजून १० मिनिटांनी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं फायबर उचकटली. बॅकअप लिंक नाही. शाखेतली सगळी ४३ उपकरणं मॉनिटरिंगला दिसेनाशी झाली : ४३ अलर्ट. मुख्य ऑफिसातल्या राउटरवर बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत) नेबर पडल्याचा १, तिथलाच इंटरफेस डाऊनचा १. एकूण ४५. जोडणी कच्ची असेल तर ऑन-कॉल माणसाच्या उशाशी ४५ इन्सिडंट. तो एकेक ॲक करत बसेल, आणि त्या ४५ मध्ये दुसऱ्याच शहरातला ४६ वा, अजिबात संबंध नसलेला, खरा अलर्ट मिसळला असेल तर तोही झोपेत ॲक होऊन जाईल. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. असा एक ॲक माझ्या हातून झालेला आहे.

या ४५ चा १ कुठे करायचा? दोन्ही बाजूंना सोय आहे, म्हणूनच वाद होतात. माझं मत असं, की कोण कोणाच्या मागे आहे हे ज्ञान मॉनिटरिंगचं, आणि कोणाला उठवायचं हे ज्ञान प्लॅटफॉर्मचं. नागिओसमध्ये प्रत्येक उपकरणाचा 'पेरेंट' सांगता येतो. पेरेंट पडला असेल तर मागच्याला तो 'डाऊन' न म्हणता 'अनरीचेबल' म्हणतो. झॅबिक्समध्ये ट्रिगरचं अवलंबित्व लिहिता येतं. प्रोमिथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये 'इनहिबिशन' आहे : मोठा अलर्ट चालू असेल तर त्याखालचे गप्प. त्यातच गटबांधणीही आहे. तो नव्या गटाचा पहिला निरोप पाठवण्याआधी मुळात ३० सेकंद थांबतो, म्हणजे मागून येणारी भावंडं त्याच गाडीत बसतात. ३० सेकंदांचा उशीर हा इथे फायद्याचा सौदा आहे.

एक खाच मात्र आहे. पोलिंगचा क्रम आपल्या हातात नसतो. आधी ॲक्सेस पॉइंटची पाळी आली आणि राउटरची मिनिटभरानं, तर राउटर पडल्याचं टूलला अजून ठाऊकच नाही, आणि पोरं बापाआधी ओरडून मोकळी. म्हणून पेरेंटला जास्त वेळा तपासावं, आणि मागच्यांच्या तक्रारीला थोडा दम धरायला लावावा.

एवढं करूनही प्लॅटफॉर्मच्या दारात बरेच अलर्ट येतात, आणि तिथे 'कोणता अलर्ट कोणत्या इन्सिडंटचा' हे ठरवणारी वस्तू म्हणजे डीडप की, एकाच बिघाडाचे निरोप एकत्र आणणारी खूण. पेजरड्यूटीच्या इव्हेंट एपीआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या टूलकडून निरोप घ्यायच्या दारात, प्रत्येक निरोपासोबत तीनपैकी एक क्रिया जाते, ट्रिगर, ॲकनॉलेज किंवा रिझॉल्व्ह, आणि सोबत ही की. त्याच कीचं काही उघडं असेल तर नवा ट्रिगर त्यातच जमा होतो. मिटलेलं असेल तर नवं उघडतं. रिझॉल्व्हसुद्धा याच कीवरून आपलं सावज शोधतो. म्हणजे ही की गुन्हा नंबरासारखी आहे, फरक एवढाच, की ती ठाणं देत नाही, फोन करणाऱ्यानं स्वतः सांगायची असते. सगळी मेख इथे आहे.

कीमध्ये वेळ किंवा दर वेळी बदलणारा क्रमांक घातला, तर प्रत्येक निरोप नवा गुन्हा ठरतो. वर रिझॉल्व्हची कीसुद्धा वेगळी पडते, म्हणून जुने इन्सिडंट कधी मिटतच नाहीत. सकाळी यादी बघावी तर लिंक केव्हाच उठलेली आणि पडद्यावर लाल रांग तशीच. उलट बाजूनं, की म्हणून नुसतं डिव्हाइसचं नाव दिलं तर सगळं एका पोत्यात. नाशिकच्या राउटरचा पंखा तापल्याचा इन्सिडंट उघडा आहे, तेवढ्यात त्याची लिंक पडते. नवा अलर्ट जुन्यात जमा. पंख्याचा इन्सिडंट कुणीतरी संध्याकाळीच ॲक करून ठेवला असेल तर फोन सहसा वाजणारही नाही. नंतर पंखा थंड होतो, रिझॉल्व्ह जातो, आणि लिंक पडलेली असताना इन्सिडंट मिटतो. पहिल्या चुकीत निदान गोंगाट होतो, लक्षात येतं. दुसरी चूक गुपचूप मारते, आणि ती जास्त वाईट.

मधली वाट : डिव्हाइस, त्यावरचा भाग आणि बिघाडाचा प्रकार, तिन्ही मिळून की. 'नाशिक राउटर, वॅन इंटरफेस, लिंक'. वेळ नाही, आकडा नाही, तीव्रता नाही. तीव्रता कीमध्ये घातली तर वॉर्निंगचा क्रिटिकल होताच दुसरा इन्सिडंट उघडतो आणि पहिला अनाथ होतो.

तीव्रतेवरून आठवलं. झॅबिक्सकडे तीव्रतेच्या ६ पायऱ्या आहेत, 'वर्गवारी नाही' पासून 'डिझास्टर'पर्यंत. पेजरड्यूटीचा एपीआय ४ ओळखतो : इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल. सहाचे चार करताना कोण कुठे गेलं, हे एकदा कागदावर लिहून टीममध्ये फिरवावं. नाहीतर झॅबिक्समधलं 'ॲव्हरेज' कुणाला साधं वाटतं, कुणाला गंभीर. आणि यंत्रानं दिलेली तीव्रता म्हणजे धंद्याची प्राथमिकता नव्हे. कॅन्टीनमधला स्विच पूर्ण मेला तरी यंत्राच्या लेखी क्रिटिकल. पी-वन, म्हणजे सर्वांत तातडीचं, म्हणायचं का ते माणूस ठरवतो.

ॲक हा शब्दही दुहेरी. झॅबिक्समध्ये प्रॉब्लेम ॲक केला म्हणजे 'आम्ही पाहिलं'. प्लॅटफॉर्मवर ॲक केला म्हणजे 'हे आता माझ्या अंगावर', आणि एस्कलेशनचं, म्हणजे निरोप वर चढवायचं, घड्याळ थांबतं. जोडणी एकतर्फी असेल तर एनओसीतला (नेटवर्क नियंत्रण कक्षातला) माणूस एका पडद्यावर ॲक करून चहाला जातो, आणि तिकडे दुसऱ्या घड्याळाचे काटे चालूच. दहा मिनिटांनी मॅनेजर जागा होतो. मग सकाळी दोघांत तू-तू मैं-मैं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मिटण्याचंही तसंच. पिंग परत आला की अलर्ट संपला. इन्सिडंट संपला का? फायबर जोडली, पण वाहतूक अजून तात्पुरत्या मार्गानं चाललीय आणि शाखा कासवासारखी, तर नाही. आपोआप रिझॉल्व्ह छोट्या गोष्टींना ठीक. ज्यात ग्राहकाला खंड जाणवला, तो इन्सिडंट माणसानंच मिटवावा, असं मी धरून चालतो.

मेंटेनन्सची वेळ कुठे नोंदवायची, हा प्रश्न किरकोळ वाटतो, तसा नाही. रात्री १ ते ३ काम आहे म्हणून फक्त प्लॅटफॉर्मवर शांतता लावली, म्हणजे तेवढा वेळ निरोप दाबून ठेवले. १ वाजून ४० मिनिटांनी स्विच काढला, तो परत उठलाच नाही. अलर्ट त्याच वेळी गेला आणि शांततेत गिळला गेला. ३ वाजता मेंटेनन्सची ही खिडकी बंद झाली, पण मॉनिटरिंगच्या मते ही बातमी सांगून झालीय. पुन्हा सांगायची सेटिंग नसेल तर स्थिती बदलल्याशिवाय ते पुन्हा बोलणार नाही. अलर्टमॅनेजर पुन्हा सांगतो, पण मुळातली सेटिंग ४ तासांची. म्हणजे तो ५ वाजून ४० मिनिटांनी आठवण करील. शांतता मॉनिटरिंगच्या बाजूला लावली, तर खिडकी संपल्यावर ते सहसा स्वतःच बघतं, की हे अजून डाऊन आहे, आणि मग बोलतं.

इन्सिडंटला भारतात आणखी एक अर्थ चिकटलाय, तोही वेगळा ठेवावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर इन्सिडंट लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय. तुटलेली फायबर त्यात बसत नाही, वेबसाइटवर घुसखोरी बसते. प्लॅटफॉर्मवर दोन्ही एकाच यादीत येत असतील तर निदान प्रकाराचा वेगळा रकाना हवा. त्याच निर्देशांत सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीनं जुळवायला सांगितलीत, ते मात्र इथेही उपयोगी : दोन राउटरांच्या वेळेत चार मिनिटांचा फरक असला तर आधी कोण पडलं हे कळायला मार्ग उरत नाही.

राहता राहिली शांतता. अलर्ट आला नाही, याचे अर्थ दोन : सगळं ठीक आहे, किंवा निरोप नेणारी वाटच तुटली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या बॅकबोनवर, म्हणजे डेटा सेंटर जोडणाऱ्या मुख्य जाळ्यावर, देखभालीतल्या एका कमांडनं सगळ्या जोडण्या पडल्या, मग त्यांच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांचे बीजीपी मार्ग मागे घेतले गेले, आणि सेवा सुमारे ६ तास बंद राहिली. बिघाड शोधायला लागणारी त्यांची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर होती. तुमचा मॉनिटरिंग सर्व्हर ज्या लिंकवरून प्लॅटफॉर्मला निरोप पाठवतो तीच पडली, तर सर्वांत मोठा बिघाड सर्वांत शांत असेल. प्रोमिथियसवाले यासाठी 'वॉचडॉग' नावाचा एक अलर्ट कायम पेटता ठेवतात. तो बाहेरच्या एखाद्या सेवेला सतत पोचत राहतो, आणि पोचायचा थांबला की ती सेवा फोन करते. निदान या एका बाबतीत अलर्ट न येणं हाच इन्सिडंट.

नवी जोडणी तपासायची तर भर दुपारी, सगळे जागे असताना, एका बिनकामाच्या स्विचमागे चार-पाच उपकरणं लावा आणि त्याची वरची केबल उपसा. फोन किती वाजले ते मोजा. मग केबल परत लावा आणि किती इन्सिडंट उघडे राहिले तेही मोजा.