प्रभात फिल्म कंपनी

कोल्हापूर येथे १९२९ मध्ये स्थापन झालेली व १९३३ पासून पुण्यात स्थिरावलेली चित्रपटसंस्था. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम व केशवराव धायबर हे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले कलावंत आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे मूळ भागीदार. ध्वनिमुद्रण दामल्यांकडे, नेपथ्य फत्तेलालांकडे, छायालेखन धायबरांकडे, दिग्दर्शन प्रामुख्याने शांतारामांकडे होते. मालकच आपापल्या खात्याचे जाणकार असणे, हे प्रभातच्या भरभराटीचे मुख्य कारण मानावे लागते.

गोपाळकृष्ण (१९२९), उदयकाल (१९३०) इ. मूकपटांनंतर आलेला अयोध्येचा राजा (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट समजला जातो. दुर्गा खोटे व गोविंदराव टेंबे यांच्या भूमिका असलेला हा बोलपट हिंदीतही निघाला.

सैरंध्री (१९३३) हा भारतातील पहिला रंगीत चित्रपट होय की नाही, याबद्दल एकमत नाही. त्याच्या रंगीत प्रतींसाठी आग्फा या जर्मन कंपनीची द्विफीत (बायपॅक; दोन फिती एकत्र वापरण्याची) पद्धत वापरली गेली. प्रक्रिया व छपाई जर्मनीत झाली. द्विफीत पद्धतीत मूळ तीनऐवजी दोनच रंगघटकांवर भिस्त असल्यामुळे रंगांचा पल्ला मुळातच मर्यादित असतो. सैरंध्रीच्या बाबतीत तर हाती आलेले रंग समाधानकारक नव्हते आणि चित्रपटाला अपेक्षित यशही लाभले नाही. इंपीरियल कंपनीच्या किसान कन्या (१९३७) या चित्रपटावरील रंगप्रक्रिया भारतातच झाली असल्याने पहिलेपणाचा मान सहसा त्याला देतात. प्रक्रिया कोठे झाली हा निकष ठरवला, तर हे योग्यच आहे. मात्र रंगाचा पहिला मोठा प्रयत्न प्रभातचा होता, हे नोंदवले पाहिजे.

अमृतमंथन (१९३४) नंतरची सात-आठ वर्षे संस्थेच्या उत्कर्षाची. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित संत तुकाराम (१९३६) चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांच्या अभिनयाइतकेच त्यातील गावाचे साधे, विश्वसनीय चित्रणही महत्त्वाचे आहे. कुंकू (१९३७) या सामाजिक चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातील स्वाभाविक ध्वनींवर भर दिला. माणूस (१९३९) व शेजारी (१९४१) हे याच सामाजिक परंपरेतील.

शांताराम बाहेर पडले व १९४२ मध्ये त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. रामशास्त्री (१९४४) हा त्यानंतरचा सर्वांत भरीव चित्रपट. दामले १९४५ मध्ये निवर्तले. हम एक हैं (१९४६) मधून देव आनंद पडद्यावर आले. १९५० नंतर लवकरच निर्मिती थांबली. प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये केंद्र शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.