रोहिणी: नावातला तांबडा रंग

आमच्या गल्लीत दोन रोहिणी आहेत, एक मराठी घरातली, एक कन्नड. एकीला हाक मारली की दोघी 'ओ' देतात. मे सरताना वळीव पडून गेला की बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या शिवारात भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते आणि तिसरी रोहिणी, म्हणजे नक्षत्र, कानावर येते: 'रोहिणीचा पेरा साधला.' शेजारच्या कन्नड आज्जी म्हणतात, 'रोहिणी मळे बंद्रे ओणी एल्ला जोळ.' मळे म्हणजे पाऊस, आपले मळे नव्हेत! रोहिणीत पाऊस झाला तर गल्लीभर जोंधळा.

नावाचा अर्थ विचारला तर 'चंद्राची लाडकी बायको' एवढंच उत्तर मिळतं. पण संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. पाणिनीच्या नियमाने अशा काही रंगवाचक शब्दांचं स्त्रीरूप करताना 'त'च्या जागी 'न' येतो. म्हणून हरितची हरिणी, तशी रोहितची रोहिणी. तांबड्या गाईलाही हेच नाव. 'रुह्' म्हणजे उगवणे, वाढणे, या धातूशीही ते जोडतात. पेरणीच्या दिवसांत तो अर्थ गोड वाटतो, पण तारा बघितल्यावर मी तांबड्याच्या बाजूने.

कारण तारा खरंच तांबूस आहे. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, आणखी तापलं की पिवळं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस, रोहिणीचा 3,600च्या आसपास, म्हणून ती तांबूस. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर हा तारा फुगला. आज त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे 45 पट आहे. अंतर 65 प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसतो तो उजेड, गल्लीतले आजोबा पाळण्यात होते तेव्हा निघालेला.

गंमत अशी की रोहिणीच्या पावसात रोहिणी दिसतच नाही. 25 मेच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्रात जातो आणि तारा त्याच्या उजेडात हरवतो. गाठायचा तर संक्रांतीच्या दिवसांत, रात्री साडेनऊला, गच्चीवर उताणं पडून. तारा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशावर ताणलं तर पडणाऱ्या रेषेच्या) साडेसोळा अंश उत्तरेला, निपाणीचा अक्षांश 16.4. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडे तो जवळजवळ थेट डोक्यावर येतो. बेळगावात फरक पाऊण अंशाच्या आतच. दिल्लीकरांना हे सुख नाही. भोवतीच्या ताऱ्यांचा इंग्रजी व्हीसारखा आकार म्हणजे रोहिणी शकट, बैलगाडी. गाडीतले बाकीचे तारे मात्र तिच्या दुपटीहून लांब, दीडशे प्रकाशवर्षांवर.

आणि चंद्र? दक्षाच्या सत्तावीस मुलींत तो रोहिणीतच रमला, म्हणून त्याला क्षयाचा शाप मिळाला, अशी कथा. आकाशात तो इतका एकनिष्ठ नाही. त्याची कक्षा सुमारे 18.6 वर्षांत डोलते, त्यामुळे काही वर्षं तो दर महिन्याला रोहिणीला झाकतो, मग कैक वर्षं नुसताच बाजूने जातो. 2015 ते 2018 अशी एक फेरी झाली. पुढची 2033मध्ये सुरू होईल. तोवर गल्लीतली धाकटी रोहिणी कॉलेजात गेलेली असेल.