ग्राउंडेड थिअरी

मुलाखती, निरीक्षणे, रोजनिशा अशा गुणात्मक सामग्रीतून सिद्धांत उभारण्याची संशोधनपद्धती. मराठीत ‘सामग्री-आधारित सिद्धांत’ म्हणता येईल. गृहीतक आधी मांडून पडताळण्याऐवजी येथे सामग्री जमवणे व तिचे विश्लेषण बरोबरीने चालते.

बार्नी ग्लेझर (१९३०–२०२२) व अन्सेल्म स्ट्राउस (१९१६–९६) या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या ग्रंथापासून पद्धतीचा आरंभ सामान्यतः धरतात. तथापि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत त्यांनी मरणासन्न रुग्णांविषयी केलेला अभ्यास १९६५ मध्येच प्रसिद्ध झाला होता व पद्धत त्यातच घडली. त्यामुळे आरंभ १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मानणे अधिक योग्य. मरण जवळ आल्याचे रुग्णालाही ठाऊक, परिचारिकेलाही. तरी दोघेही ते ठाऊक नसल्यासारखे बोलतात. या ‘परस्पर बहाण्या’ची संकल्पना त्या निरीक्षणांतूनच आली.

पुढे दोघांत मतभेद झाले. स्ट्राउस यांनी ज्यूलिएट कॉर्बिन यांच्यासह १९९० मध्ये कारणे, संदर्भ, कृती व परिणाम यांची चौकट संकेतनासाठी, म्हणजे सामग्रीतील वाक्यांना व घटनांना अर्थदर्शक नावे देण्यासाठी, सुचवली. अशा चौकटीने सिद्धांत सामग्रीतून उगवत नाही, तिच्यावर लादला जातो, असा आक्षेप ग्लेझर यांनी १९९२ मध्ये घेतला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅथी चारमॅझ यांच्या मते सिद्धांत सापडत नसतो. संशोधक व सहभागी मिळून तो रचतात. मुलाखत दोघांच्या बोलण्यातूनच घडत असल्याने मानसशास्त्राला ही भूमिका अधिक मानवते.

कार्यपद्धतीचा गाभा म्हणजे सततची तुलना. ‘डॉक्टर आले की मी पावसापाण्याचं बोलतो’ या वाक्याला समजा ‘विषय टाळणे’ असा संकेत दिला, तर पुढचे प्रत्येक टाळणे त्याच्याशी ताडून पाहतात, भेद टिपणांत नोंदवतात आणि पुढे कोणाला भेटायचे तेही त्यावरूनच ठरवतात. प्रवर्गात, म्हणजे सारख्या संकेतांच्या गटात, नवे काही भरेनासे झाले की संपृक्तता आली असे मानतात. केवळ मुलाखतींची संख्या गाठून ती येत नाही.

मानसशास्त्रात ही पद्धत प्रामुख्याने १९८० नंतर रुजली. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रेनी यांनी मानसोपचाराचे सत्र संपताच त्याची ध्वनिफीत रुग्णांना ऐकवून, त्या त्या क्षणी मनात काय चालले होते ते विचारले. उपचारकाचे म्हणणे पटले नाही तरी रुग्ण भिडेपोटी गप्प राहतात, हे त्यातून पुढे आले. १९९४ च्या लेखात त्यांनी ही भीडच विश्लेषणाच्या केंद्रस्थानी ठेवली.