हिजिकीतलं लोह: समुद्राचं की भांड्याचं?

अंगात लोह कमी असेल तर हिजिकी खावी, असं जपानमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जाई. किनाऱ्यावरच्या खडकांना धरून वाढणारं हे तपकिरी समुद्रशैवाल. तिथल्या सरकारी पोषणतक्त्यात 100 ग्रॅम सुक्या हिजिकीत 55 मिलिग्रॅम लोह दाखवलेलं असे. 2015 साली तक्त्याची सातवी आवृत्ती आली आणि त्या एका नोंदीच्या दोन झाल्या. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या हिजिकीत 58.2 मिलिग्रॅम, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यातल्या हिजिकीत 6.2.

ताजी हिजिकी तुरट असते, म्हणून विकण्याआधी ती बराच वेळ उकडून किंवा वाफवून मग वाळवतात. पूर्वी हे काम मोठाल्या लोखंडी भांड्यांत चाले. खारट, तुरट पाण्यात लोखंड विरघळून शैवालात उतरे. लोखंडी कढईतली पालेभाजी काळपट का पडते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पुढे उत्पादकांकडे स्टीलची भांडी आली, आकडा मात्र जुनाच छापला जात राहिला. एका वेळी खाण्यात सुकी हिजिकी 5 ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे लोखंडी भांड्यातली असेल तर 2.9 मिलिग्रॅम लोह, स्टीलमधली असेल तर जेमतेम 0.3. कॅल्शियमचा आकडा मात्र दोन्ही नोंदींत सारखाच, 1000 मिलिग्रॅम. तो खरोखर शैवालाचा आहे.

आर्सेनिकही शैवालाचंच, आणि हिजिकीची खरी अडचण तीच. कोंबू, वाकामे, नोरी या खाण्यातल्या इतर समुद्रशैवालांतही आर्सेनिक असतं, पण ते बहुतांशी शर्करेशी बांधलेलं, म्हणजे सेंद्रिय रूपात. (हा रसायनशास्त्रातला ‘सेंद्रिय’, पाकिटावरच्या ‘सेंद्रिय’शी त्याचा संबंध नाही.) हिजिकीत मोठा वाटा असेंद्रिय आर्सेनिकचा, आणि विषारी आहे ते हेच. कॅनडाच्या अन्नतपासणी यंत्रणेने 2001 मध्ये हिजिकी टाळायला सांगितलं. 2004 मध्ये ब्रिटनने पाच प्रकारची शैवालं तपासली, तेव्हा असेंद्रिय आर्सेनिक फक्त हिजिकीत सापडलं: किलोला 67 ते 96 मिलिग्रॅम. तिथल्या अन्नमानक संस्थेनेही मग ‘खाऊ नका’ असाच सल्ला दिला. त्यामुळे नुसता ‘एकूण आर्सेनिक’ दाखवणारा अहवाल पाहून शैवाल चांगलं की वाईट ते ठरवता येत नाही.

जपानने बंदी घातली नाही. त्यांनी भर दिला तो शिजवण्याच्या पद्धतीवर. सुकी हिजिकी भरपूर पाण्यात 30 मिनिटं भिजवून दोन-तीनदा धुतली तर असेंद्रिय आर्सेनिक साधारण निम्मं उतरतं. न भिजवता थेट उकळत्या पाण्यात 5 मिनिटं शिजवून, निथळून धुतली तर सुमारे 80 टक्के. आधी 30 मिनिटं भिजवून, मग नव्या पाण्यात 5 मिनिटं उकळून धुतली तर सुमारे 90 टक्के. लोह आणि कॅल्शियम यात फारसं कमी होत नाही. चूक होते ती पाणी कमी घेण्यात, किंवा भिजवलेलं पाणी ‘सत्त्व वाया जाईल’ म्हणून रश्श्यात ओतण्यात. कोंबूचं पाणी रश्श्याला वापरतात, हिजिकीचं मोरीत ओतायचं.