वाद्यपथकाच्या नावाचा ट्रेडमार्क (कोकण)

बेंजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ किंवा दशावतारी कंपनी ज्या नावाने कार्यक्रम करते, ते नाव व्यापार चिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, 1999 खाली नोंदवता येते. हा कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी अमलात आला. त्याआधीच्या 1958 च्या कायद्यात फक्त मालाची चिन्हे नोंदली जात. गाणे-वाजवणे ही सेवा असल्याने पथकांना ती वाट बंद होती. कोकणातली कितीतरी जुनी नावे आजही नोंदणीविना चालतात, त्याचे एक कारण हेही आहे. नोंदणी सक्तीची नाही.

लग्न, गणपती, शिमगा, जत्रा यांच्या सुपाऱ्या नावावर मिळतात. ढोलावर रंगवलेले नाव आणि त्याखालचा मोबाईल क्रमांक हीच पथकाची जाहिरात असते. पथक फुटले की दोन्ही गट तेच नाव लावतात, फार तर एक जण पुढे 'ओरिजिनल' जोडतो, आणि यजमानाला आपण कोणाला इसारा दिला हे वाजवणारे दारात उतरल्यावरच कळते. हे टाळण्यासाठी ट्रेडमार्क उपयोगी पडतो. मात्र नाव कोणाच्या मालकीचे, हे पथकाने आधी आपसात ठरवलेले असले पाहिजे. ते न ठरवता केलेला अर्ज भांडण मिटवण्याऐवजी वाढवतो.

कोकणातली मोठी अडचण नावांच्या घडणीतच आहे. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, माऊली अशा ग्रामदैवताचे नाव, पुढे गावाचे नाव आणि शेवटी 'बेंजो पार्टी' किंवा 'नाट्यमंडळ' ही नेहमीची रीत. कायद्याच्या कलम 9 नुसार केवळ ठिकाण किंवा सेवेचा प्रकार सांगणारे शब्द सहसा नोंदले जात नाहीत. दीर्घ वापराने त्या नावाला स्वतंत्र ओळख मिळाल्याचे दाखवावे लागते. देवाधर्माच्या नावांबाबतही हक्क दुबळा राहतो. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचे करू पाहणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली नकार दिला. रवळनाथाची देवळे गावोगावी आहेत, त्यामुळे ते नाव एका पथकाच्या मुठीत जाणार नाही, आणि ते जाऊही नये. वेगळा शब्द जोडून किंवा खास चित्राक्षरांत नाव नोंदवता येते; पण तेव्हा संरक्षण त्या पूर्ण चिन्हाला मिळते, त्यातल्या प्रत्येक शब्दाला नाही.

दशावतारात गुंता आणखी वाढतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर ही कंपन्यांची नावे आडनावेही आहेत आणि त्यांतून गावही बोलते. कलम 35 प्रमाणे कोणालाही स्वतःचे नाव प्रामाणिकपणे आपल्या व्यवसायाला लावता येते. त्यामुळे अशा नावाची नोंदणी झाली, तरी त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाला सरसकट अडवता येत नाही. प्रेक्षकांची दिशाभूल करण्याचा हेतू दिसला, तर गोष्ट वेगळी.

नोंदणी नसलेले पथक अगदीच उघडे पडत नाही. आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क कलम 34 राखते, आणि नक्कल करून लोकांना फसवणाऱ्याविरुद्ध 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो. दोन्हीकडे पुरावा लागतो आणि तिथेच आपली पथके कमी पडतात. तारखेची हँडबिले, सुपाऱ्यांची वही, देवस्थानाने दिलेली पावती, वर्षासह छापलेली जत्रेची पत्रिका, यूट्यूबवरच्या जुन्या चित्रफिती हे सगळे जपून ठेवावे. पेटाऱ्याच्या तळाशी पडलेली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एक पत्रिका न्यायालयात मोठ्या भाषणापेक्षा जास्त बोलते.

अर्ज करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा तसेच ऐकू येणारे नाव शोधावे. हा शोध फुकट आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा हे सारे मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण अर्ज ऑनलाइन होत असल्याने मुंबई गाठावी लागत नाही. नोंदणीसाठी माल आणि सेवांचे 45 वर्ग केलेले आहेत; मनोरंजनाच्या सेवा त्यांतल्या 41 व्या वर्गात मोडतात. ध्वनिमुद्रणे 9 व्या आणि नावाचे टी-शर्ट 25 व्या वर्गात. 2017 च्या नियमांनुसार व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जास दर वर्गामागे 4,500 रुपये शुल्क आहे, इतरांना 9,000. आधीपासूनचा वापर सांगायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. परीक्षकाने हरकत काढली तर महिन्याभरात उत्तर द्यायचे असते. पुढे नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते आणि चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे दर 10 वर्षांनी नूतनीकरण होते. प्रमाणपत्र हाती येण्याआधी नावापुढे वर्तुळातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) लावणे कायद्याविरुद्ध आहे.

अर्ज कोणाच्या नावे करावा, या प्रश्नावर वकिलाच्या फीपेक्षा जास्त विचार खर्च करावा. वाहन आणि वाद्ये ज्याची, तो मालक स्वतःच्या नावे अर्ज करतो आणि बाकीचे वादक नंतर जागे होतात, असे होऊ देऊ नये. भागीदारी पेढी असेल तर पेढीच्या नावे, न्यास असेल तर न्यासाच्या नावे अर्ज करावा. धर्मादाय आयुक्तांकडे मंडळ नोंदलेले आहे म्हणजे नाव आपलेच झाले, हा समज मात्र चुकीचा आहे. ती नोंदणी संस्थेची असते, चिन्हाची नव्हे. बाहेर पडणाऱ्याने नाव वापरायचे की नाही, हे साध्या करारात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. गावात आणि शेजारच्या चार वाड्यांत वाजवणाऱ्या पथकाला बहुधा एवढा करारच पुरतो. मुंबई-पुण्याच्या सुपाऱ्या घेणाऱ्या, गाणी ध्वनिमुद्रित करून विकणाऱ्या पथकाने मात्र नोंदणी लांबवू नये.

नोंदवलेले नाव वापरात ठेवावे लागते. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे ते वापरलेच नाही, तर कोणी बाधित व्यक्ती ते नोंदवहीतून काढण्याची मागणी करू शकते. पावसाळ्यात दशावतारी पेटारे बंद असतात, त्याने काही बिघडत नाही. नक्कल झाल्यास दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्याहून वरच्या न्यायालयात चालतो. नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा मालक स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात लावू शकतो, म्हणजे वेंगुर्ल्याच्या पथकाची नक्कल ठाण्यात झाली, तरी ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा न्यायालयात, दाद मागता येते. नुसत्या पासिंग ऑफच्या दाव्याला ही सवलत नाही.